अंगणात पसरायच्या दगडांचा हिशोब: कामाच्या नोंदी

६ मे – सरळ भागांची मोजणी

इमारतीभोवतीचं अंगण दगडाने झाकायचं आहे. जागेचे चार तुकडे केले: पायवाट, झाडांचा वाकडा वाफा, मागचा उतार आणि भिंतीलगतची पागोळीपट्टी (छपराचं पाणी जिथे पडतं ती पट्टी). चौघांचा दगड किंवा थर वेगळा, त्यामुळे मापं सुरुवातीपासून वेगळ्या पानांवर लिहिली. सगळ्या जागेचं क्षेत्रफळ एकत्र करून त्याला एकाच जाडीने गुणलं, तर कुठला दगड किती मागवायचा ते शेवटपर्यंत कळत नाही.

मोजण्याआधी खुंट्या ठोकून सुतळी ताणली आणि कडेच्या विटांची जागा फक्कीने आखली. माप विटेच्या आतल्या बाजूपासून घ्यायचं, कारण विटेखाली दगड पसरला जात नाही. १.४ मीटर रुंद पायवाटेत दोन्ही बाजूंच्या १०० मि.मी. विटा गेल्या की दगडाला १.२ मीटरच उरतात. बाहेरून बाहेर मोजलं तर इथेच सतरा टक्के दगड जास्त येतो.

पायवाट: १८.४ × १.२ = २२.०८ चौ. मी.

पागोळीपट्टी: इमारत १२ × ८ मीटर, पट्टी ०.६ मीटर रुंद. परिमिती ४० मीटर गुणिले ०.६ केलं की २४ चौ. मी. येतात, पण त्यात चार कोपरे सुटतात. प्रत्येक कोपरा ०.६ × ०.६, चार मिळून १.४४. खरं क्षेत्रफळ २५.४४ चौ. मी. पडताळा: बाहेरचा चौकोन १३.२ × ९.२ = १२१.४४, त्यातून इमारतीचे ९६ वजा, उरले २५.४४. दाराची पायरी १.८ मीटर रुंद आहे, तिचे १.०८ चौ. मी. कमी केले. निव्वळ २४.३६ चौ. मी.

७ मे – वाकडा वाफा

वाफ्याची लांबी ९ मीटर, दोन्ही टोकं निमुळती, मध्ये फुगवटा. अशा आकाराला लांबी गुणिले जास्तीत जास्त रुंदी हा हिशोब चालत नाही. मधोमध सुतळी ताणून दर १.५ मीटरवर आडवी रुंदी मोजली: ०, १.८, २.६, २.९, २.४, १.७, ०.

समलंब पद्धतीने मधल्या रुंद्यांची बेरीज ११.४ × १.५ = १७.१ चौ. मी. सिम्पसनच्या नियमाने (विषम क्रमांकांच्या आतल्या खुंट्यांच्या रुंद्या चारपट, सम क्रमांकांच्या दुप्पट, टोकं एकपट, बेरीज गुणिले अंतराचा एक तृतीयांश): ०.५ × (४ × ६.४ + २ × ५.०) = १७.८ चौ. मी. बाहेर फुगलेल्या कडांना समलंब पद्धत कमी दाखवते, कारण दोन खुंट्यांमधली वक्र कड ती सरळ धरते. इथे १७.८ धरायचे. सिम्पसनच्या नियमाला भागांची संख्या सम लागते. इथे सहा भाग आहेत, म्हणून तो चालला. नऊ गुणिले २.९ केलं असतं तर २६.१ आले असते, म्हणजे जवळपास दीडपट.

वाफ्यात एक मोठं झाड आहे. खोडाभोवती ०.६ मीटर त्रिज्येची जागा मोकळी ठेवायची. दगड खोडाला टेकला की तिथे ओल धरून राहते, साल कुजते. ते क्षेत्र १.१३ चौ. मी. शिवाय १४ झुडपं, प्रत्येकाभोवती १५० मि.मी. त्रिज्या, एकूण ०.९९ चौ. मी. एकेक झुडूप किरकोळ वाटतं, पण झाड आणि झुडपं मिळून २.१२ चौ. मी. म्हणजे वाफ्याचा बारा टक्के भाग होतो. निव्वळ १५.६८ चौ. मी.

८ मे – उतार

नकाशावर उतार ११ × ३.२ मीटर दिसतो. तो ३.२ हा आडवा पल्ला. वरच्या आणि खालच्या कडेतला उंचीचा फरक पाणलेव्हलने (पाणी भरलेल्या नळीने) १.०५ मीटर आला. उताराची खरी लांबी: (३.२ × ३.२ + १.०५ × १.०५) चं वर्गमूळ = ३.३७ मीटर. क्षेत्रफळ ३५.२ नव्हे, ३७.०५ चौ. मी. फरक पाच टक्क्यांचा. उतार १ : २ असता तर हाच फरक बारा टक्के झाला असता.

एक काळजी घ्यायची. उतारावरचं क्षेत्रफळ धरलं तर थराची जाडीही उताराला काटकोनात धरायची. आडवं क्षेत्रफळ धरलं तर जाडी उभी, ओळंब्यात मोजायची. उतारावरच्या क्षेत्रफळाला उभ्या जाडीने गुणलं तर तीच वाढ दोनदा धरली जाते.

उताराच्या तळाशी दगड अडवायला चर घ्यावा लागणार: ३०० मि.मी. रुंद, २०० मि.मी. खोल, ११ मीटर लांब. तोही याच दगडाने भरायचा. घनफळ ०.६६ घ. मी. उताराच्या मुख्य थराच्या तुलनेत हे पंधरा टक्के आहे. क्षेत्रफळावरून केलेल्या हिशोबात हा चर कधीच दिसत नाही, म्हणून त्याची ओळ आत्ताच लिहून ठेवली.

उतार साधारण १ : ३ आहे. यावर गोलसर गोटे ठरत नाहीत, पावसात घरंगळतात. फोडलेला, कोनदार ४० ते ७५ मि.मी. दगड घ्यायचा.

१० मे – थराची जाडी ठरवली

या कामात दगड कमी-जास्त होण्याचं मुख्य कारण टेपची चूक नसतं, थराची जाडी असते. बारा मीटर लांबीत टेप दहा सेंटिमीटर चुकली तर फरक एका टक्क्याच्याही आत. पण ४० मि.मी. थराच्या जागी ५० मि.मी. पसरला गेला तर दगड पंचवीस टक्के जास्त लागतो आणि डोळ्याला तो फरक कळतही नाही.

जाडीचा नियम: थर सर्वांत मोठ्या दगडाच्या दीड ते दोनपट असावा. त्यापेक्षा पातळ पसरला तर दगडांमधून खाली अंथरलेलं कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) दिसतं, कापडावर ऊन पडतं आणि ते लवकर विरतं. नियमापेक्षा खूप जाड थर केला तर झाकण्याला काही फायदा नाही, फक्त वजन आणि वाहतूक वाढते.

पायवाट: १० मि.मी. कोनदार खडी, ४० मि.मी. थर. इथे दोनपटीचा नियम लागू नाही, कारण २० मि.मी. थर चालून चालून दोन दिवसांत बाजूला सरकतो. उलट ५० च्या वर गेलं की पाय रुततो, चाकाची खुर्ची आणि हातगाडी अडते. गोल बारीक गोटे तर पायवाटेला घेऊच नयेत. ते एकमेकांत अडकत नाहीत, कितीही दाबले तरी पायाखाली फिरतात.

वाफा: २० ते ४० मि.मी. गोलसर गोटे, ७५ मि.मी.

पागोळीपट्टी: तेच गोटे, १०० मि.मी. छपराचं पाणी उंचावरून एकाच रेषेत पडतं, तिथे पातळ थराला खड्डे पडून खालची माती भिंतीवर उडते. पट्टीच्या तळाला भिंतीपासून बाहेर १ : ५० ढाळ आहे. ०.६ मीटरमध्ये तो १२ मि.मी. होतो, म्हणजे भिंतीकडे ९४, बाहेर १०६, सरासरी शंभरच. दगडाचा वरचा माथा जोत्याच्या ओलरोधक थरापासून किमान १५० मि.मी. खाली राहायला हवा, हे खोदाईआधी तपासायचं.

उतार: ४० ते ७५ मि.मी. दगड, १२० मि.मी.

११ मे – डब्याची चाचणी

घनफळाचं वजनात रूपांतर पुस्तकी आकड्याने करता येतं, पण प्रत्येक खाणीचा दगड वेगळा. ‘घनमीटरला दीड टन’ हा आकडा ढोबळ अंदाजाला ठीक आहे. मागणी नोंदवायची असेल तर ज्या ढिगातून माल येणार त्याच ढिगातला नमुना मोजावा.

रीत अशी. माहीत घनफळाचं भांडं घ्यायचं (घनफळ पाणी भरून आणि वजन करून ठरवायचं, भांड्यावर छापलेला आकडा बऱ्याचदा काठापर्यंतचा नसतो). फावड्याने दगड सैल टाकायचा, आपटायचा नाही, वर फळी फिरवून सपाट करायचा आणि वजन घ्यायचं. आयएस २३८६ (खडीच्या चाचण्यांचं भारतीय मानक) भाग ३ मध्ये ४० मि.मी. पर्यंतच्या खडीला १५ लिटरचं आणि त्याहून मोठ्या खडीला ३० लिटरचं भांडं सांगितलं आहे. याला कारण आहे. भांड्याच्या कडेला दगड नीट बसत नाही, तिथे जास्त पोकळी राहते. भांडं लहान आणि दगड मोठा असला की ही कडेची पोकळी हिशोबात शिरते आणि घनमीटरचं वजन खोटं कमी दिसतं. म्हणून ४० ते ७५ मि.मी. दगडाला १०० लिटरचा पिंप वापरला आणि घमेल्या-घमेल्याने वजन केलं.

मिळालेले आकडे, घनमीटरला किलोमध्ये, सैल भरून:
१० मि.मी. बेसाल्ट खडी, १५ लिटर = २१.९ किलो → १४६०
२० ते ४० मि.मी. गोटे, ३० लिटर = ४६.५ किलो → १५५०
४० ते ७५ मि.मी. बेसाल्ट, १०० लिटर = १४२ किलो → १४२०
पायवाटेच्या पायासाठी कच (दगडाचा चुरा) मिसळलेली खडी (० ते ४० मि.मी.), १५ लिटर = २५.२ किलो → १६८०

बेसाल्ट हा गोट्यांच्या दगडापेक्षा जड, तरी त्याची खडी घनमीटरला हलकी भरली. कोनदार तुकडे एकमेकांवर अडून राहतात, पोकळी जास्त राहते. गोटे घरंगळून जवळ बसतात.

गोट्यांची पोकळीही मोजली. त्यांनी भरलेल्या ३० लिटरच्या भांड्यात काठापर्यंत पाणी ओतलं, १२.३ लिटर मावलं. म्हणजे ४१ टक्के पोकळी. उरलेल्या १७.७ लिटरचं वजन ४६.५ किलो, भागाकार २.६३, ग्रॅनाइट-क्वार्ट्‌झाइटच्या जातीच्या दगडाला हा आकडा बरोबर बसतो. मापं जुळल्याची ही चांगली खूण. भागाकार २.२ किंवा ३.४ असा आला असता तर भांड्याचं घनफळ पुन्हा तपासावं लागलं असतं.

या ४१ टक्क्यांचा दुसरा अर्थ: खाली कापड नसेल तर पावसात चिखल याच पोकळीत वर चढतो आणि दगड खाली जातो. ‘दगड कमी पडला’ अशा तक्रारींत बऱ्याचदा दगड कमी आलेला नसतो, तो मातीत गेलेला असतो.

सच्छिद्र लाव्हा दगड घ्यायचा असता तर घनमीटरला साधारण ७०० ते ९०० किलो धरावे लागले असते. तितक्याच टनांत जवळपास दुप्पट जागा झाकली जाते. टनावर दर ठरतो तिथे हे आधी बघावं.

१२ मे – मागणीचा तक्ता

पायवाटेच्या पायाची दाबलेली जाडी १०० मि.मी. हवी. पाया विटांखालीही जातो, म्हणून रुंदी १.४ मीटर: १८.४ × १.४ × ०.१ = २.५८ घ. मी. दाबलेली. कचमिश्रित खडी दाबणीत साधारण एक पंचमांशाने बसते, म्हणून सैल माल १.२५ पट = ३.२२ घ. मी. सजावटीच्या गोट्यांना आणि मोठ्या दगडाला ही वाढ धरायची नाही. त्यांच्यात बारीक कण नसतात, ते दाबून बसत नाहीत.

वाढावा (हिशोबापेक्षा जास्त मागवायचा माल) सगळ्यांना सारखा नको. पायाला आणि गोट्यांना ५ टक्के पुरे. १० मि.मी. खडीला १०, कारण पायाच्या खडबडीत माथ्यात ती थोडी जिरते. मोठ्या दगडालाही १०, कारण ७५ मि.मी. चा तुकडा १२० मि.मी. थरात माथ्याला सपाट बसत नाही, काही ठिकाणी थर १४० होतोच.

पाया: ३.२२ + ५% = ३.३८ घ. मी. = ५.६८ टन
१० मि.मी. खडी: २२.०८ × ०.०४ = ०.८८, + १०% = ०.९७ घ. मी. = १.४२ टन
गोटे: वाफा १.१८ + पट्टी २.४४ = ३.६१, + ५% = ३.७९ घ. मी. = ५.८८ टन
मोठा दगड: उतार ४.४५ + चर ०.६६ = ५.११, + १०% = ५.६२ घ. मी. = ७.९८ टन

ब्रासमध्ये (१ ब्रास = १०० घनफूट = २.८३ घ. मी.): पाया १.१९, बारीक खडी ०.३४, गोटे १.३४, मोठा दगड १.९८.

इंटरनेटवरची गणकयंत्रं वापरताना एकक बघून घ्यावं. बरीचशी घनयार्डात उत्तर देतात. १ घनयार्ड = २७ घनफूट, म्हणजे ०.७६५ घ. मी., २ इंच थराला १६२ चौ. फूट. त्यांचा टनही अनेकदा ९०७ किलोचा असतो. तो हजार किलोचा समजून मागणी केली तर माल गरजेपेक्षा दहा टक्के जास्त येतो.

जाडीचा धाक इथे आकड्यात दिसतो. गोट्यांचं क्षेत्र ४०.०४ चौ. मी. सगळीकडे फक्त १० मि.मी. जास्त पसरलं तर ६२० किलो गोटे जास्त लागतात. वाढाव्याचे ५ टक्के म्हणजे २८० किलो. म्हणजे पसरणाऱ्याच्या हातातली एक सेंटिमीटरची ढिलाई सगळा वाढावा खाऊन वर आणखी तितकंच मागते.

१५ मे – खोदाई आणि पाया

पायवाटेची खोदाई विटेच्या माथ्यापासून १५५ मि.मी.: पाया १००, खडी ४०, आणि खडीचा माथा विटेपेक्षा १५ मि.मी. खाली. ही १५ मि.मी. ची धार नसेल तर खडी रोज बाहेर पडते. काढलेली माती २५.७६ × ०.१५५ = ४ घ. मी., पण खणल्यावर ती फुगते. उचलायला ५ घ. मी. धरली.

पाया एकाच थरात पसरला, सैल १२५ मि.मी. दोन पातळ थर केले तर ४० मि.मी. चा दगड ६० मि.मी. थरात नीट बसत नाही. माल कोरडा होता, कच खाली आणि खडी वर अशी फाटायला लागली होती. पाणी शिंपडून मूठ आवळली की गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये, इतका ओलसर केला आणि मग प्लेट कॉम्पॅक्टर (दाबणीचं यंत्र) फिरवला. दाबल्यावर जाडी ९७ ते १०३ मि.मी. मध्ये आली.

१७ मे – कापड

न विणलेलं जिओटेक्स्टाइल, २ मीटर रुंद गुंडाळी. प्लास्टिकचा कागद कुठेच घालायचा नाही. त्याखाली मुळं गुदमरतात आणि वर पाणी साचतं.

कापडाचा हिशोब क्षेत्रफळावर होत नाही, पट्ट्यांवर होतो. उतारावर कापड वरून खाली सोडायचं, जोडावर २०० मि.मी. आच्छादन. सहा पट्ट्यांत बरोबर ११.० मीटर झाकले जातात, पण कडेला दुमडायला काहीच उरत नाही. म्हणून सात. प्रत्येक पट्टी ३.३७ मीटर उताराची, वर अडकवण्याच्या चरात ०.४, तळाच्या चरात ०.३, मिळून ४.१ मीटर. सात पट्ट्या २८.७ मीटर, म्हणजे ५७.४ चौ. मी. कापड, झाकलेला उतार ३७.०५. दीडपटीपेक्षा जास्त. क्षेत्रफळावर दहा टक्के वाढवून कापड आणलं असतं तर दोन पट्ट्या कमी पडल्या असत्या.

झाडाभोवती कापड कापताना अधिकच्या खुणेसारखा छेद द्यायचा आणि पाकळ्या आत दुमडायच्या. गोल भोक कापलं तर झुडपाच्या बुंध्याजवळ फट राहते, तिथूनच गवत वर येतं.

१९ मे – गोटे आले

गाडी रिकामी करण्याआधी हौद्यातच मोजणी केली. आतून लांबी ३.०५, रुंदी १.७५. ढीग मध्ये उंच, कडेला उतरता होता. तो दाताळ्याने सपाट करून नऊ ठिकाणी सळई घालून खोली मोजली, सरासरी ०.७० मीटर. ३.७४ घ. मी. फाळक्याजवळची एकच खोली धरून माप लावण्याची पद्धत सोडून द्यावी. तिथे माल हमखास उंच चढलेला किंवा घसरलेला असतो.

वजनकाट्याची पावती: भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनांतला फरक ५९६० किलो. मागणी ३.७९ घ. मी. होती आणि हौद्यात ३.७४ दिसतात, म्हणजे माल कमी आला असं वरकरणी वाटेल. पण ५९६० ला ३.७४ ने भागलं की घनमीटरला साधारण १५९५ किलो येतात, डब्यात १५५० होते. गाडीच्या हादऱ्यांनी माल तीन टक्के बसला आहे. वजनाने तो ५.८८ टनांपेक्षा जास्तच आहे, सैल पसरल्यावर ३.८५ घ. मी. होईल. घनफळावर खरेदी असेल तर ते भरताना मोजायचं की पोहोचल्यावर, हे आधीच ठरवून घ्यावं, नाहीतर दोन्ही बाजू आपापल्या मापाने बरोबर असूनही वाद होतो.

गोटे धुतलेले होते, खालून पाणी ठिबकत होतं. या आकाराच्या दगडावर पृष्ठभागाचं पाणी साधारण एक टक्का धरावं, इथे ६० किलो. हे वजा केले तरी माल पुरेसा. वाळूसारख्या बारीक मालात मात्र ओल हा मोठा प्रश्न आहे. ओलसर वाळू फुगते आणि घनफळ पाव भागानेही जास्त दाखवते. मोठ्या दगडात ही फुगवट होत नाही.

माल कापडावर थेट ओतला नाही. गाडीतून पडणारा दगड कापड फाडतो आणि ढिगाखाली राहिलेली माती-चुरा नंतर गोट्यांत मिसळतो. बाजूला पत्र्यावर ढीग केला.

२० मे – गोटे पसरले

पसरणीत जाडी राखण्यासाठी घमेल्याचं माप वापरलं. इथलं घमेलं सपाट भरून १२.५ लिटरचं आहे (पाण्याने मोजलं). ७५ मि.मी. थराला चौरस मीटरमागे ७५ लिटर, म्हणजे सहा घमेली. १०० मि.मी. थराला आठ. सुतळीने एकेक मीटरचे चौकोन आखले आणि प्रत्येकात मोजून घमेली ओतली, मग दाताळ्याने सारखं केलं. मजुराला ‘तीन इंच टाका’ सांगण्यापेक्षा ‘चौकोनात सहा घमेली’ हे नेमकं कळतं, आणि तपासायलाही सोपं. घमेलं शीगेने भरलं तर दीडपट माल जातो, म्हणून फळीने सपाट करणं सोडायचं नाही.

तपासणी: बोथट टोकाची सळई कापडापर्यंत हलकेच सरकवून जाडी मोजली. वाफ्यात ६० ते ९५ मि.मी., सरासरी ७८. पट्टीत सरासरी १०२. ज्या ठिकाणी ६० आली तिथे कापड दिसत नव्हतं, ते तसंच ठेवलं. ५५ च्या खाली आलं असतं तर भर घातली असती.

उरलेले गोटे १४ घमेली, म्हणजे २७० किलो. खर्च ५.६९ टन, निव्वळ हिशोब ५.६० टन. फरक दोन टक्क्यांच्या आत.

२३ मे – उतार

आधी तळाचा चर भरला, मग खालून वर काम. वरून दगड ओतले की मोठे तुकडे घरंगळून तळाशी जमतात आणि वर फक्त बारीक राहतात. ७५ मि.मी. चे तुकडे हाताने बसवले, सपाट बाजू खाली, आणि फटींत ४० मि.मी. चे ठोकून घातले. या कामाला घमेल्याचं माप चालत नाही, मोठा दगड घमेल्यात नीट भरत नाही. त्याऐवजी वजन धरलं: चौरस मीटरला १७० किलो.

आलेला माल ८.०५ टन, खर्च ७.७५, निव्वळ हिशोब ७.२५. जादा सात टक्के गेला, बहुतेक वरच्या कडेच्या कापडावर वजन म्हणून ठेवलेल्या ओळीत आणि माथ्याच्या उंचसखलपणात. मोठ्या दगडाला १० टक्के वाढावा ठेवणं योग्य.

२४ मे – पायवाटेची खडी

पसरण्याआधी पायाचा माथा कच टाकून झाडूने बंद केला. ही पायरी गाळली तर १० मि.मी. खडी पायाच्या फटींत उतरते आणि ४० मि.मी. चे ३० होतात. चौरस मीटरला ४० लिटर, पाच चौरस मीटरच्या चौकोनात सोळा घमेली. खर्च १.३७ टन, हिशोब १.२९.

१४ जून – जोरदार पाऊस झाल्यावर

पागोळीपट्टी: धारेखाली गोट्यांत जेमतेम १० मि.मी. खळगा. भिंतीवर मातीचे शिंतोडे नाहीत. दाताळं फिरवलं, भर घालावी लागली नाही.

पायवाट: मध्यभागी थर ३३ ते ३५ मि.मी., कडेला ४५ पर्यंत. खडी गेलेली नाही, सरकली आहे. अशा वेळी नवी खडी टाकली तर ती विटेवरून बाहेर पडते. कडेची खडी मध्ये ओढून थर पुन्हा सारखा केला, मग फक्त पायरीजवळ दोन घमेली भर.

उतार: तळाच्या चरात हालचाल नाही. वरच्या कडेला दोन ठिकाणी कापड उघडं पडलं होतं, तिथे अडकवण्याचा चर १५० मि.मी. पेक्षा उथळ राहिला आहे. चर खोल करून कापड पुन्हा दाबलं, उरलेल्या दगडातून साधारण ६० किलो बसवला.

पुढच्या भरीसाठी चौरस मीटरचे आकडे (निव्वळ): पायवाट ५८ किलो, वाफा ११६, पट्टी १५५, उतार १७०. उरलेला माल तीन वेगळ्या ढिगांत, खाली पत्रा घालून ठेवला आहे: गोटे २७० किलो, मोठा दगड २४० किलो, बारीक खडी अंदाजे ५० किलो.